बेळगावातून घाट उतरताना : कवी-चित्रकारांच्या किनाऱ्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या माणसाला समुद्र एका घाटाइतकाच लांब. तरी साहित्याच्या किंवा चित्रांच्या ओढीने किनाऱ्यावर जाणाऱ्यांची निराशा होते, आणि तीही एकाच कारणाने. ते कवीच्या घराचा पत्ता विचारत जातात. घर पडके असते, कुलूपबंद असते किंवा तिथे आता दुसरेच कोणी राहते. फोटो काढायचा आणि परत फिरायचे. कवितेतला किनारा पत्त्यावर सापडत नाही. तो महिना, तिथी आणि दिवसाची वेळ साधली तर सापडतो. म्हणून पुढच्या उत्तरांत पत्त्यांपेक्षा पंचांग जास्त आहे.

बेळगावातून कोणत्या किनाऱ्याला कोणत्या घाटाने उतरावे?

वेंगुर्ला, शिरोडा, सावंतवाडी, कुडाळ म्हणजे तळकोकणात जायचे तर आंबोली. हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची करत शिनोळीला महाराष्ट्रात शिरायचे आणि चंदगड तालुक्यातून आंबोली गाठायची. सावंतवाडी शंभर किलोमीटरच्या आसपास, वेंगुर्ला साधारण १२०. थांबे धरून साडेतीन तास. याच भागातून तिलारी घाटही दोडामार्गाकडे उतरतो. तो जवळचा वाटतो, पण उतार फार तीव्र आणि वळणे आवळलेली आहेत. लहान गाडी आणि घाटात हात बसलेला चालक नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

पणजी आणि उत्तर गोव्यासाठी चोर्ला : जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी. अंतर सव्वाशेच्या आतबाहेर. फोंडा, बोरी, मडगाव या बाजूला अनमोड : खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड, मोले. पणजीला या वाटेने तीसेक किलोमीटर जास्त पडतात, पण अवजड वाहनांची हीच वाट असल्याने रस्ता रुंद आहे. चोर्ल्याचा रस्ता पावसाने उखडतो आणि दुरुस्त होईपर्यंत पुढचा पावसाळा दारात येतो. जुलै ते ऑक्टोबर या काळात निघण्याआधी जांबोटीकडच्या कोणाला तरी फोन करून रस्त्याची अवस्था विचारावी.

कारवारला दोन वाटा. रामनगर, जोयडा, अणशी, कद्रा ही जंगलातली, साधारण १७० किलोमीटर. आणि हुबळी, यल्लापूर, अंकोला ही लांबची पण हमरस्त्याची. अणशी घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि रस्ता काळी व्याघ्र प्रकल्पातून जातो, त्यामुळे तो दिवसाउजेडीच पार करायचा.

निपाणीकरांनी बेळगावला येऊन आंबोली धरू नये. मुदाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट करत देवगडला उतरणारा निपाणी-देवगड रस्ता त्यांच्या दारातून जातो. विंदा करंदीकरांचे जन्मगाव धालवली (जन्म २३ ऑगस्ट १९१८) त्याच टोकाला, देवगड-विजयदुर्गाच्या पट्ट्यात आहे. चार तास धरावेत. (फोंडाघाट आणि गोव्यातले फोंडा या दोन गावांत नकाशावर गफलत होते. जुनी गोष्ट आहे, पण अजून होते.)

वाटेत एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाते, आंबोलीची हिरण्यकेशीही पूर्वेला संकेश्वराकडे येते. त्याच डोंगररांगेत, खानापूर तालुक्यात देगावच्या बाजूला उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला उतरून पणजीजवळ मांडवी म्हणून समुद्राला मिळते. कवी बा. भ. बोरकरांचे गोवे आणि आपले शेत एकाच कड्यावरच्या पावसावर चालते, हे घाटमाथ्यावर उभे राहिल्यावर नीट कळते.

हाताशी एकच दिवस आहे. काय पाहावे?

शिरोडा, आरवली आणि वेंगुर्ला. पहाटे साडेपाचला निघालात तर नऊच्या सुमारास सावंतवाडीला न्याहारी होते. एका दिवसात मालगुंड होत नाही, कारवार धावतपळत होते आणि गोव्यात अर्धा दिवस गाडी लावायला जागा शोधण्यात जातो.

शिरोडा-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात इतके लेखक कसे? नेमके कुठे काय पाहायचे?

वि. स. खांडेकर सांगलीचे, पण १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे ते शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. पुढे १९७४ चे ज्ञानपीठ मिळवणारा हा लेखक घडला तो या गावात. शिरोडा म्हणजे मिठागरांचे गाव. मे १९३० मध्ये इथे मिठाचा सत्याग्रह झाला. मिठागरे पाहायची तर जानेवारी ते मे या काळात यावे. खाडीचे पाणी उथळ वाफ्यांत घेऊन उन्हात आटवतात, मग मीठ ओढून ढीग लावतात. जुलैत त्या जागी नुसते तळे दिसते आणि माणसे ‘मिठागर कुठाय?’ असे मिठागराच्या बांधावर उभी राहून विचारतात.

आरवली शिरोड्याला लागूनच. जयवंत दळवी तिथे वाढले. वेतोबाच्या देवळात चामड्याच्या वहाणा आणि केळ्यांचे घड वाहिलेले दिसतात. दळवींच्या लेखनातली माणसे कोणत्या मातीतली हे समजायला देवळाच्या पायरीवरची पंधरा मिनिटे पुरतात. वहाणा उचलून फोटो काढू नयेत. देव रात्री त्या घालून फिरतो ही तिथली श्रद्धा आहे.

वेंगुर्ला हे मंगेश पाडगावकरांचे जन्मगाव (१० मार्च १९२९). त्यांच्यानंतर जवळजवळ एका वर्षाने, ८ मार्च १९३० रोजी, तेंडोलीजवळच्या बागलाच्या राईत चिं. त्र्यं. खानोलकर जन्मले. आरती प्रभू ते हेच. काही किलोमीटरांवर जन्मलेल्या या दोघांच्या कवितांत एकाच पावसाची दोन रूपे आहेत, एकात ऊन मिसळलेले तर दुसऱ्यात अंधार. खानोलकरांनी कुडाळला खानावळ चालवली होती. ‘दिवेलागण’ हा त्यांचा संग्रह १९६२ चा. हे नाव वाचून दुपारी दोन वाजता तेंडोलीला जाणाऱ्याला काहीच दिसणार नाही. माडा-पोफळींच्या बागांत सूर्यास्ताआधीच काळोख साठायला लागतो, वर आभाळ उजळ आणि खाली पायवाट काळी. ती वेळ डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या आधीची, जूनअखेर सातच्या आसपासची. पाऊण तास आधी पोहोचावे आणि हेडलाइट बंद ठेवावेत.

खानोलकरांच्या कादंबरीमुळे प्रसिद्ध झालेला कोंडुरा वेंगुर्ल्याच्या उत्तरेला, वायंगणीच्या बाजूला आहे. खडकांत घळ आहे, लाट आत शिरली की आवाज घुमतो. हा आवाज भरती चढत असताना आणि लाटांना जोर असताना येतो. ओहोटीला गेलात तर शांत, गोजिरवाणा किनारा दिसेल आणि कादंबरी खोटी वाटेल. खडकांवर शेवाळ आणि कालवांच्या धारदार शिंपा असतात. रबरी चपला घसरतात, पट्ट्याची सँडल किंवा जुने बूट घालावेत. भरतीला खडकाच्या कडेला जायचे नाही, आवाज मागूनही ऐकू येतो.

भरती-ओहोटीची वेळ घरबसल्या कशी काढायची?

कोकणातला हिशोब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा. शुद्ध असो की वद्य, तिथीच्या आकड्याला तीनने गुणून चारने भागायचे. जे येईल ती पूर्ण भरतीची घड्याळातली वेळ. पंचमी म्हणजे पावणेचार. अष्टमी म्हणजे सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या पंधरा धरली की सव्वाअकरा. दुसरी भरती त्यानंतर साधारण १२ तास २५ मिनिटांनी, आणि ओहोटी दोन भरत्यांच्या मधोमध, म्हणजे भरतीनंतर सव्वासहा तासांनी. रोज वेळ सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. कारण चंद्र रोज तेवढा उशिरा उगवतो.

अर्धा तास इकडेतिकडे होतो. कारवार-गोव्याला भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते, खाडीत आत जावे तशी उशिरा. अचूक वेळ हवी असेल तर भरतीचे तक्ते मोबाइलवर मिळतात, पण तक्त्यात जवळचे बंदर निवडले आहे ना, ते पाहा.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा गोव्याच्या बाजूला पाण्याची चढउतार दोन मीटरांच्या घरात जाते. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढउतार निम्म्यावर येते. दिवसातल्या दोन भरत्याही सारख्या उंचीच्या नसतात.

याचा उपयोग काय? पौर्णिमेला सव्वाअकराला भरती, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. सूर्यास्ताला रुंद, ओला, आरशासारखा किनारा हवा असेल तर पौर्णिमा-अमावास्येचे आगेमागे दोन दिवस निवडा. अष्टमीला त्याच वेळी पाणी वाळूच्या कडेपर्यंत आलेले असते. ‘समुद्र तोच, पण कवितेतल्यासारखा दिसत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा इथे असते.

कारवारला रवींद्रनाथ ठाकूर खरेच राहिले होते का?

होय. १८८३ मध्ये. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ, भारतीय सनदी सेवेतले पहिले भारतीय, तेव्हा कारवारला जिल्हा न्यायाधीश होते. रवींद्रनाथ २२ वर्षांचे होते. संन्याशाची गोष्ट असलेले ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे पद्यनाटक त्यांनी बरेचसे इथे लिहिले, आणि पुढच्या आपल्या सगळ्या लेखनाची ही प्रस्तावना आहे असे आत्मकथनात नोंदवले. सीमेमध्ये असीम भेटते, हा त्यांचा जन्मभराचा विषय तिथे पहिल्यांदा हाती लागला. कारवारचा मुख्य किनारा आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.

आत्मकथनातला कारवारचा मजकूर चार पानांचा आहे, पण तो वाचून गेलात तर सगळे बदलते. चांदण्या रात्री ते छोट्या होडीतून काळी नदीत वर गेले, शिवाजी महाराजांच्या काळातल्या एका गडाजवळ उतरले, एका शेतकऱ्याच्या सारवलेल्या अंगणात बसून जेवले आणि ओहोटीबरोबर परत वाहत आले. मुखाशी होडी फार वेळ घेऊ लागली, तेव्हा उतरून वाळूवरून चालत घरी गेले.

आता वरचा पाऊणपटीचा हिशोब लावून पाहा. पौर्णिमेच्या रात्री भरती अकराच्या आसपास. म्हणजे संध्याकाळनंतर चढत्या पाण्याबरोबर वर जायचे आणि मध्यरात्रीनंतर उतरत्या पाण्याबरोबर खाली यायचे, वल्ही जवळजवळ न मारता. त्या वर्णनात कवीकल्पना नाही, नदीचे वेळापत्रक आहे. म्हणून कारवारची फेरी शुद्ध त्रयोदशी ते वद्य द्वितीया या दिवसांत, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवावी. रात्री होडीने जाण्याचा हट्ट धरू नये. काळीच्या मुखाकडच्या वाळूवरून चांदणे पुरेसे दिसते. पलीकडे सदाशिवगड आहे, तिथे दिवसा चढून नदी, बेटे आणि समुद्र एका नजरेत पाहता येतात.

जुन्या नकाशावर विसंबू नका. काळीवरचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, वाहतूक नव्या पुलावरून होते. कारवारच्या दक्षिणेला नौदलाचा तळ आहे. त्या बाजूला कॅमेरा आवरता घ्यावा, ड्रोन तर घरीच ठेवावा. कारवारात कोकणी चालते, मराठी समजते, भाषेची अडचण येत नाही.

मालगुंडला जाण्याचे कष्ट सार्थकी लागतात का?

मुक्काम करणार असाल तर लागतात. बेळगाव, कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी, आरे-वारेच्या किनारपट्टीने गणपतीपुळे आणि पुढे दोनेक किलोमीटरवर मालगुंड. एकूण २६०-२७० किलोमीटर, सात तास. केशवसुतांचा जन्म इथला, १८६६ चा. जन्मघर स्मारक म्हणून जपले आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेल्या या स्मारकाचे उद्घाटन १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. कविता दगडांवर कोरून मांडल्या आहेत. स्मारकाला अर्धा-पाऊण तास पुरतो. बहुतेक लोक गणपतीपुळ्याच्या दर्शनाला जोडून दहा मिनिटांत उरकतात, ते त्यांचे ते जाणोत.

आपल्या भागातल्या वाचकाला या कवीचे दुसरे टोक जवळ आहे. केशवसुत अखेरच्या काळात धारवाडला शिक्षक होते आणि ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीत प्लेगने गेले. किनाऱ्यावर जन्मलेला हा कवी आयुष्यभर नोकरीसाठी घाटावर फिरला, त्यामुळे त्यांच्या कवितेतला समुद्र हा दूर राहिलेल्या घराचा समुद्र आहे. ‘गोष्टी घराकडील’ आणि ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ या दोन कविता जायच्या आधी वाचा. दुसरीतला वारा प्रत्यक्ष अंगावर घ्यायचा असेल तर मृगाच्या आगेमागे, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जावे. तेव्हा नैर्ऋत्येचा वारा स्थिर लागतो आणि दोन-चार दिवसांनी तोच वारा बेळगावात पाऊस घेऊन येतो. त्या दिवसांत पाण्यात पाऊल टाकायचे नाही.

गोव्यात काय? तिथे समुद्रकिनाऱ्यापेक्षा गर्दीच जास्त.

तर मग समुद्रकिनाऱ्यावर जाऊच नका. बा. भ. बोरकरांचे गोवे (जन्म ३० नोव्हेंबर १९१०, कुडचडे; मूळ घराणे बोरीचे) हे नदीकाठचे, पाणथळ खाजणांचे, कुळागरांचे गोवे आहे. बोरी फोंड्याहून मडगावकडे जाताना जुवारीच्या काठी लागते, म्हणजे अनमोडवरून येणाऱ्याच्या वाटेवरच. पुलावर गाडी थांबवणे धोक्याचे आहे. पूल ओलांडण्याआधी गावात वळून काठावर जावे. वेळ : आषाढ-श्रावण, दुपारी दोन ते पाच. सर येते, ऊन पडते, पुन्हा सर येते, आणि नदीचा रंग प्रत्येक वेळी बदलतो. डिसेंबरच्या कोरड्या उन्हात बोरकर अर्धेच कळतात.

चित्रांसाठी पणजीत एक दिवस ठेवा. फोंतेन्यास भागात फुंदासांव ओरिएंत या संस्थेत आंतोनियो शावियेर त्रिंदाद (१८७०-१९३५) यांच्या चित्रांचा संग्रह आहे. पर्वरीच्या झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्रात आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) यांची चित्रे आहेत. मेरीला साडी नेसवणारा हा चित्रकार मांडवीच्या फाट्यांनी वेढलेल्या सांत इस्तेव्ह बेटावरचा. ती चित्रे पाहून त्या बेटावर गेलात तर त्यांतली हिरवी-तपकिरी रंगपट्टी कुठून आली ते समोर दिसते. दोन्ही संस्था संशोधनाच्या आणि कार्यालयीन स्वरूपाच्या आहेत. शनिवार-रविवार गृहीत धरू नका, आदल्या दिवशी फोन करा. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सुझांचे (जन्म १९२४) साळगाव म्हापशाच्या वाटेवर आहे. पण त्यांच्या चित्रांत गावापेक्षा चर्च आणि चर्चचा धाक जास्त आहे. समुद्र शोधायला तिथे जाऊ नये.

सावंतवाडी-कुडाळला लोककला पाहता येते का?

येते. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफांचे काम चालते. दशावतारी गंजिफेच्या संचात दहा रंग, प्रत्येकी १२ पाने, म्हणजे १२० गोल पाने, सगळी हाताने रंगवलेली. जलरंगकार सा. ल. हळदणकर याच गावचे (जन्म १८८२). दिवा हातात धरलेल्या स्त्रीचे त्यांचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. एका कथेच्या चित्रांच्या संचाला ‘पोथी’ म्हणतात, एकेक चित्र पुढे धरत वीणा, हुडुक आणि टाळाच्या साथीवर कथा गातात. गावात या कलेचे संग्रहालय आहे. प्रयोग पाहायचा असेल तर आधी कळवावे आणि मानधन ठरवूनच जावे. ‘जरा करून दाखवा’ असे दारात उभे राहून म्हणणे शोभत नाही.

किनाऱ्यावर बसून चित्र काढायचे आहे. काय न्यावे, काय बिघडते?

चित्रकार के. बी. कुलकर्णींनी बेळगावात निसर्गचित्रणाची गोडी लावली, रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली शिकले. त्यामुळे हा प्रश्न इथे येणारच. पण बेळगावची कोरडी हवा आणि किनाऱ्याची हवा यांत फरक आहे, तिथेच पहिले चित्र बिघडते.

उजेडापासून सुरुवात करू. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी समुद्राकडे तोंड करून बसलात तर सूर्य पाठीशी असतो : पाणी, होड्या, खडक यांचे रंग खरे दिसतात. संध्याकाळी सूर्य समोर येतो, तेव्हा वस्तू काळ्या आकृत्या होतात आणि पाणी पांढरे तळपते. रंगांचा अभ्यास करायचा तर सकाळी सात ते साडेनऊ, आकार आणि छायाप्रकाश हवा तर साडेचारनंतर. दुपारी बारा ते तीन झोप काढावी.

वारा दुसरी गोष्ट. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, तो मंद. अकरा-बारानंतर खारा वारा समोरून सुटतो. तोपर्यंत चित्र उरकले नसेल तर कागद फडफडतो आणि ओल्या रंगात वाळू बसते. स्टँडच्या मध्यभागी तीन-चार किलो दगडांची पिशवी टांगावी. छत्री लावू नये. ती सावली देण्याआधी स्टँड पाडते.

कागद चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, ११ × १५ इंचांचा पुरे. हलका कागद दमट हवेत फुगून वाकतो आणि रंग खळग्यात साचतो. चारही कडा फळीला चिकटपट्टीने बांधाव्यात. पट्टी बेळगावातून लावूनच न्यावी, खाऱ्या दमट हवेत ती नंतर नीट चिकटत नाही. डिसेंबरात सकाळी रंगाचा पातळ थर दोन-चार मिनिटांत वाळतो, जुलैत त्यालाच अर्धा तास लागतो आणि घाईने दुसरा थर दिला की पहिला उचलला जाऊन चिखल होतो. पावसाळ्यात दोन चित्रे शेजारी मांडून आळीपाळीने रंगवावीत.

गोडे पाणी घरून न्या, माणशी एक लिटर फक्त ब्रशसाठी. समुद्राचे पाणी वापरलेत तर मीठ कागदात राहते. मीठ हवेतली ओल ओढते, म्हणून चित्र पुन्हापुन्हा दमट होते आणि वाळताना पांढरट ठिपके उमटतात. ब्रशचे धातूचे कडे रात्री गोड्या पाण्याने धुवून पुसावे, नाहीतर आठवड्यात गंजते.

जांभा दगड रंगवताना नवशिके तांबडा रंग थेट नळीतून लावतात. कोरडा जांभा बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाच्या जवळ असतो, ओला झाला की त्यात अल्ट्रामरीन निळा मिसळून जवळजवळ जांभळट काळा करावा लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा धुतलेली असते, क्षितिज धारदार दिसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये धुरकट होते. तेव्हा क्षितिजाची रेघ ओढूच नका.

कवीचे घर आतून पाहता येईल का?

मालगुंडसारखे स्मारक असेल तर हो. बाकी घरे खासगी आहेत. बाहेरून पाहावे, फाटक ढकलू नये.

पावसाळ्यात जावे का?

कवितेसाठी जावेच, चित्रासाठी विचार करून. आंबोलीत वर्षाला साडेसातशे सेंटीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. धुक्यात दहा मीटरही दिसत नाही. दिवे खालच्या झोतावर ठेवा. वरचा झोत धुक्यावरून परत डोळ्यांत येतो. जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार टाळा, धबधब्यापाशी गाड्या तासन्‌तास अडकतात. मंगळवार-बुधवारी तोच घाट मोकळा असतो. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताजा बांगडा-सुरमईचा हट्ट धरू नये. खाडीतली मासळी, तिसऱ्या आणि सुकी मासळी मिळते.

रेल्वेने जमते का?

गोव्याला उत्तम जमते. बेळगाव, लोंढा, कॅसल रॉक, दूधसागर, कुळे, मडगाव. कॅसल रॉक ते कुळे या २६ किलोमीटरांत चढ १:३७ पर्यंत आहे, म्हणून गाडीला मागे जादा इंजिने जोडतात आणि वेळ जातो. काका कालेलकरांच्या वाचकांना ही वाट ओळखीची वाटेल. बेळगुंदीशी नाते असलेल्या या लेखकाचे बालपण वडिलांच्या नोकरीमुळे काही काळ कारवारला गेले, आणि तो समुद्र त्यांच्या लेखनात पुढे कायम राहिला. गावची मार्कंडेय नदीही राहिली. बेळगुंदी बेळगावपासून सायकलच्या अंतरावर आहे, किनाऱ्याला जाण्याआधी ती पाहून यावी.

मडगावहून कोकण रेल्वेने कारवार, सावंतवाडी, कुडाळ, रत्नागिरी गाठता येतात. कारवारचे स्टेशन शिरवाडला आणि सावंतवाडीचे गावाबाहेर बऱ्याच अंतरावर आहे. रिक्षाचे भाडे बसण्याआधी ठरवावे. बेळगाव-सावंतवाडी थेट रेल्वे नाही, तिथे बसच.

बसचे काय? मध्येच बंद पडतात असे ऐकतो.

कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोव्याचे कदंब अशा तिन्ही महामंडळांच्या गाड्या बेळगावातून सुटतात. सीमाप्रश्नावरून वातावरण तापले की दोन्ही बाजूंच्या गाड्या एक-दोन दिवस थांबतात. तेव्हा लोक शिनोळीपर्यंत वडापने (माणशी भाडे घेणाऱ्या खासगी गाडीने) जातात आणि पुढची एसटी धरतात. १ नोव्हेंबरला (कर्नाटक राज्योत्सव) आणि बेळगावातल्या विधिमंडळ अधिवेशनाच्या दिवसांत परतीचे आरक्षण करू नये.

शाळेची सहल न्यायची आहे.

पाण्याजवळ दहा मुलांमागे एक मोठे माणूस ठेवा. जलरंग नकोत, एकेक फोर-बी पेन्सिल आणि पुठ्ठ्याला क्लिपने लावलेले चार कागद पुरतात. प्रत्येक गावाची एकच कविता निवडा आणि ती किनाऱ्यावर न वाचता आदल्या दिवशी वर्गात वाचा. लाटांच्या आवाजात मागच्या रांगेला काही ऐकू येत नाही. परवानगीचा कागद, राज्य बदलत असल्याने गाडीचा परवाना आणि विमा आधीच तपासा.

वेंगुर्ल्याला सूर्यास्त पाहून त्याच रात्री परत येता येईल का?

डिसेंबर-जानेवारीत येईल. सहाच्या आसपास सूर्य बुडतो, साडेसहाला निघालात तर सव्वासातला सावंतवाडी, साडेआठपर्यंत आंबोली आणि साडेदहाच्या सुमाराला बेळगाव. आंबोलीच्या पुढे रात्री चहाची टपरी उघडी सापडेलच असे नाही, रस्त्यावर गवेही येतात. जेवण आणि डिझेल सावंतवाडीलाच उरकावे. जून ते सप्टेंबर मात्र सावंतवाडीला मुक्काम करावा आणि सकाळी आठनंतर, धुके वर उचलल्यावर, घाट चढावा.